उसना खांदा



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते इतिहासाचे शिक्षक. पण तासाची सुरुवात फळ्यावर नकाशा टांगून करायचे, असे त्यांचे जुने विद्यार्थी सांगतात. तेव्हा मीही नकाशापासूनच निघतो. २३ मार्च १९६१. वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी पत्रकारांपुढे उभे आहेत आणि शेजारी लाओस देशाचे तीन मोठे नकाशे लावले आहेत. साम्यवाद्यांच्या ताब्यातला मुलूख कसा वाढत गेला ते त्यांना दाखवायचे आहे. देशाच्या नावाचा उच्चारही ते चुकवतात. या देशाला समुद्र नाही, तेव्हा रेल्वेही नव्हती. लोकवस्ती तेव्हाच्या आपल्या पुणे जिल्ह्याएवढी. पण ही एक सोंगटी पडली की शेजारची पडेल, मग तिच्या पलीकडची, आणि शेवटी सगळा आशिया हातचा जाईल, असा तो हिशेब होता. सत्तेची सूत्रे सोपवताना आयझेनहॉवर यांनी दोनच महिन्यांपूर्वी केनेडींना हेच बजावले होते.

१९७५ मध्ये ती सोंगटी पडली. थायलंड पडला नाही. मलेशिया, इंडोनेशिया पडले नाहीत. म्हणजे ज्या कारणासाठी चौदा वर्षे युद्ध चालले ते कारण एका महासत्तेच्या मनातच होते. या युद्धाला मी कल्पनेतले म्हणतो ते त्यामुळे. आणखी एका अर्थानेही ते कल्पनेतलेच होते, कारण अधिकृतपणे ते चालूच नव्हते. मेलेली माणसे मात्र खरी होती आणि त्यांतले फार मोठे प्रमाण ह्मोंग नावाच्या एका डोंगरी जमातीचे होते. आजचा विषय त्यांचा आहे.

ह्मोंग हे मूळचे दक्षिण चीनमधले. एकोणिसाव्या शतकात ते लाओसच्या उत्तरेकडच्या डोंगरांत उतरले. झियेंग ख्वांग प्रांतात डोंगरमाथ्यावर वस्ती, झाडी जाळून केलेली भाताची आणि मक्याची शेती, आणि रोख पैशासाठी अफू. १९६० च्या सुमारास लाओसमध्ये त्यांची संख्या तीन लाखांच्या आसपास धरतात. डिसेंबर १९६० मध्ये व्हिएतनामी पाठबळावर पाथेट लाओ या लाओसमधल्या साम्यवादी चळवळीच्या फौजा त्यांच्या मुलखात घुसल्या. पुढच्याच महिन्यात बिल लेअर नावाचा सीआयएचा एक अधिकारी हेलिकॉप्टरने ता वियेंग या गावी उतरला आणि वांग पाओ या ह्मोंग लष्करी अधिकाऱ्याला भेटला. लेअर टेक्ससचा, अबोल, अनेक वर्षे थायलंडमध्ये राहिलेला, थाई भाषा येणारा. वांग पाओंनी त्याला जे सांगितले त्याचा आशय असा: साम्यवाद्यांबरोबर आम्हाला राहता येणार नाही, एकतर पळायचे, नाहीतर लढायचे, हत्यारे दिलीत तर लढू.

पाडाँगच्या डोंगरावर विमानातून बंदुका पडल्या. १९६१ मध्येच सुमारे ९,००० ह्मोंग हत्यारबंद झाले होते.

इथे थोडे थांबले पाहिजे, कारण आपल्याकडे अशा गोष्टी सांगताना आदिवासींना भोळे ठरवण्याची फार घाई असते. साहेबाने आमिष दाखवले आणि ते फसले, असे सांगितले की ऐकणाऱ्यालाही बरे वाटते. ह्मोंग भोळे नव्हते. त्यांच्यात नाँग हेत भागातल्या मुखत्यारीवरून लो आणि ली या दोन कुळांचे हाडवैर होते. ली कुळाचे तूबी लीफाँग आधी फ्रेंचांच्या आणि मग शाही सरकारच्या बाजूला गेले. लो कुळाचे फायदांग पाथेट लाओच्या बाजूला. जमीन, मानपान, अफूचा व्यापार, व्हिएतनामी फौजांची भीती हे सगळे त्यांच्या निर्णयामागे होते. त्यांना लढायचेच होते. आणि म्हणूनच नीतीचा प्रश्न अवघड होतो. ज्याला लढायचे आहे त्याच्या हाती बंदूक देण्यात चूक ती काय?

लेअरच्या मूळ कल्पनेत तरी ती चूक फारशी दिसत नाही. फौज लहान असावी. ती आपल्याच डोंगरात लढेल, झेपेनासे झाले की मागे सरकेल. शिकवायला थाई पोलीस दलातली माणसे असावीत, गोरे लोक अगदी मोजके. याचा अर्थ असा की उद्या अमेरिका निघून गेली तरी ह्मोंगांना शत्रूशी काहीतरी तडजोड करून जगता येईल, इतपतच ते गुंततील.

मग आला १९६२ चा जिनिव्हा करार. २३ जुलै रोजी चौदा देशांनी लाओसच्या तटस्थतेवर सह्या केल्या. त्यात अमेरिका होती, उत्तर व्हिएतनाम होता, चीन होता आणि भारतही होता. वाटाघाटींत आपल्या बाजूने कृष्ण मेनन होते. कराराच्या अंमलबजावणीवर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोगात भारत, कॅनडा आणि पोलंड होते, आणि अध्यक्षपद भारताकडे होते. परदेशी सैनिकांनी ठरावीक नाक्यांवरून, मोजून बाहेर पडायचे होते. अमेरिकेचे ६६६ लष्करी सल्लागार बाहेर पडले. उत्तर व्हिएतनामचे मोजून ४० जण गेले. हजारो मागे राहिले. आयोगात एकमत होईना, चौकशीला जाता येईना. आपले अधिकारी राजधानी व्हिएंतियानमध्ये बसून तक्रारींची कागदपत्रे वाचत राहिले. आपण त्या सामन्यात पंच होतो, एवढे तरी आपल्या पाठ्यपुस्तकात यायला हरकत नव्हती.

उत्तर व्हिएतनामने करार मोडला हे उघड होते. अमेरिकेने तो गुपचूप मोडायचे ठरवले, आणि त्या गुपचूपपणासाठीच ह्मोंग अपरिहार्य झाले. करारामुळे अमेरिकन सैनिक पाठवता येत नव्हते. ह्मोंग सैनिक पाठवावे लागत नव्हते. ते तिथलेच होते. लाँग टियेंग या डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात धावपट्टी झाली, तिच्याभोवती हजारोंची वस्ती वाढली, विमानांची ये-जा इतकी की लाओसमध्ये तशी दुसरी जागा नसावी. नागरी विमान कंपनीच्या रूपात सीआयएची 'एअर अमेरिका' उडत होती. नकाशावर मात्र हे गाव सापडायचे नाही.

ज्या युद्धाची कबुलीच दिलेली नाही त्यातले मृत्यू कुठल्याच यादीत चढत नाहीत. मार्च १९७० मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी निवेदन काढले की लाओसमध्ये नेमणूक असलेला एकही अमेरिकन जमिनीवरच्या लढाईत मेलेला नाही. काही दिवसांतच ते खोटे ठरले आणि व्हाइट हाउसला शब्द फिरवावे लागले. त्या गदारोळात वाद झाला तो अमेरिकन मृतांच्या संख्येवर. तोवर हजारो ह्मोंग मेले होते. त्यांच्याबद्दल निवेदन काढण्याची वेळ कुणावर आली नाही, कारण कुणी विचारलेच नाही. हे युद्ध स्वस्त पडते, अशी त्याची वाखाणणी सीआयएमध्ये होत असे. स्वस्त का पडत होते? एकतर ह्मोंग सैनिकाचा पगार अमेरिकन सैनिकाच्या तुलनेत किरकोळ होता. आणि त्याची शवपेटी कुठल्याही अमेरिकन गावात उतरत नव्हती.

१९६६ नंतर व्हिएतनाम युद्धाचा जोर वाढला तसे लाओसचे काम बदलले. आता ह्मोंगांनी स्वतःचे डोंगर राखणे पुरेसे नव्हते; उत्तर व्हिएतनामच्या फौजा त्यांनी अडकवून ठेवायच्या होत्या. फू पा थी हा त्यांचा पवित्र डोंगर. १९६७ मध्ये त्याच्या माथ्यावर अमेरिकनांनी रडार बसवले, हनोईवर बॉम्ब टाकणाऱ्या विमानांना दिशा देण्यासाठी. ह्मोंग तरुण पायथ्याशी पहाऱ्याला. हनोईशी त्यांचे काय घेणे होते? मार्च १९६८ मध्ये तो डोंगर पडला. त्याच वर्षी एडगर ब्यूएल याने एका अमेरिकन पत्रकाराला जे सांगितले ते मी विसरू शकत नाही. ब्यूएल हा इंडियानातला शेतकरी. बायको वारल्यावर लाओसमध्ये मदतकार्याला आला आणि तिथलाच झाला. तो म्हणाला, नुकतेच तीनशे नवे रंगरूट गोळा केले. त्यातले तीस टक्के चौदा किंवा त्याहून कमी वयाचे, दहा जण तर अवघ्या दहा वर्षांचे. आणखी तीस टक्के पंधरा-सोळा वर्षांचे. उरलेले पस्तिशीपुढचे. मधल्या वयाचे कुठे गेले, तर ते सगळे मेले.

आता तांदळाकडे येऊ, कारण माझ्या मते सगळे प्रकरण तिथे उलगडते.

लढाईमुळे ह्मोंग गावे पुन्हा पुन्हा उठली. डोंगरावरची शेती सोडून लोक धावपट्ट्यांच्या आसऱ्याला आले. पेरायला माणूस नाही, पेरले तर कापणीपर्यंत गाव टिकेल याची खात्री नाही. मग अमेरिकेच्या विमानांतून तांदळाची पोती पडू लागली. ब्यूएलने ही व्यवस्था उभी केली, आणि त्याच्या हेतूबद्दल माझ्या मनात शंका नाही. उपासमारीतून त्याने असंख्य जीव वाचवले. तांदूळ आकाशातून येतो असे समजणारी मुले त्या छावण्यांत वाढली, असे तिथे काम केलेले लोक सांगत. पण ज्या विमानातून तांदूळ येई त्याच व्यवस्थेला सैनिक हवे असत. १९७१ मध्ये आल्फ्रेड मॅकॉय हा तरुण अभ्यासक अफूच्या व्यापाराचा माग काढत लाँग पोत नावाच्या ह्मोंग भागात गेला. तिथल्या मुखत्याराने त्याला सांगितले की गावातली कर्ती-सवरती मुले आधीच मेली; आता चौदा वर्षांची पोरे मागू लागले, आम्ही नाही म्हटले, आणि तांदूळ बंद झाला. अमेरिकन अधिकाऱ्यांनी हा आरोप नाकारला. पण आरोप खोटा धरला तरी फरक काय पडतो? नाही म्हटले तर तांदूळ बंद होऊ शकतो, हे गावाला ठाऊक होते. १९६१ मध्ये वांग पाओंनी दिलेला होकार खरा होता असे मी मानतो. १९७१ मध्ये होकार आणि नकार या दोहोंना अर्थच उरला नव्हता.

बिल लेअरने हे १९६८ मध्येच ओळखले. युद्ध आपल्या हातून निसटले, ह्मोंगांना समोरासमोरच्या लढाईत उतरवले तर ते संपतील, हे त्याला दिसत होते. तो लाओस सोडून गेला. पुढे टेक्ससमध्ये मालवाहू ट्रक चालवून त्याने पोट भरले. त्याच्याबद्दल मला आदर वाटतो. पण एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. लेअरला निघून जाता आले. लाँग पोतच्या मुखत्याराला जायला जागा नव्हती.

दुसरा एक अधिकारी टोनी पो. शत्रूच्या कापून आणलेल्या कानांमागे तो पैसे देत असे, आणि पुढे मुलाखतींतून त्याने ते स्वतःच सांगितले. जंगलात जमातीचा राजा बनलेल्या गोऱ्या माणसाची ही कथा हॉलिवूडला फार भावते. 'अपोकॅलिप्स नाऊ' चित्रपटात असाच एक कर्नल आहे. चित्रीकरण झाले फिलिपिन्समध्ये, आणि व्हिएतनामच्या डोंगरी लोकांच्या भूमिकेत तिथल्या इफुगाओ जमातीची माणसे उभी केली. परक्याच्या युद्धासाठी एक जमात आणि त्या युद्धाच्या चित्रपटासाठी दुसरी!

शेवट तुम्हाला माहीत असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. १९७३ मध्ये युद्धबंदी झाली. १४ मे १९७५ रोजी वांग पाओ लाँग टियेंगहून हेलिकॉप्टरने निघाले. त्या काही दिवसांत मोजक्या विमानांतून दोन-अडीच हजार लोक बाहेर पडले. धावपट्टीवर जमलेले हजारो मागेच राहिले. पुढे कित्येक वर्षे लोक जंगलातून चालत मेकाँगपर्यंत यायचे, बांबूंच्या आधाराने रात्री नदी ओलांडायचे. कित्येक बुडाले, कित्येकांना गोळ्या लागल्या. युद्धात मेलेल्या ह्मोंग सैनिकांचे अंदाज तीस हजार आणि त्यापुढचे आहेत.

याला सर्रास विश्वासघात म्हटले जाते. ह्मोंग म्हणतात, हरलात तर तुम्हाला सांभाळू असा शब्द अमेरिकेने दिला होता. अमेरिकन म्हणतात, तसा कागद नाही. कागद कसा असणार? युद्धच गुप्त होते. मला मात्र विश्वासघाताची ही कथा थोडी सोयीची वाटते. तिचा अर्थ असा निघतो की १९७५ मध्ये आणखी पन्नास विमाने पाठवली असती तर सगळे नीट झाले असते. माझे म्हणणे असे की १९७५ साल १९६१ मध्येच ठरले होते. एका पक्षाजवळ परतीचे तिकीट होते, दुसऱ्याचे घर तिथेच होते. एकाला युद्ध नको झाले की ते संपणार होते. दुसऱ्यासाठी खरे युद्ध त्या दिवशी सुरू होणार होते. हे समजायला भविष्य कळायची गरज नव्हती. फ्रेंचांनी त्याच डोंगरांत १९५४ पर्यंत अशाच टोळ्या उभ्या केल्या आणि जिनिव्हात करार होताच त्यांना तिथेच सोडून दिले. दारूगोळा तरी टाका, असा त्या टोळ्यांचा टाहो त्यानंतरही रेडिओवर ऐकू येत होता, असे युद्धपत्रकार बर्नार्ड फॉल यांनी आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवले आहे. ते पुस्तक १९६१ मध्येच प्रसिद्ध झाले.

मित्राला पूर्ण उद्देश न सांगता लढवायचे, हा दुसऱ्याच्या खांद्यावरून लढण्याचा सर्वांत कुरूप प्रकार. १९७२ ते १९७५ या काळात इराकमधल्या कुर्दांना अमेरिका आणि इराणच्या शहांनी हत्यारे पुरवली. कुर्दांनी जिंकावे असे दोघांनाही वाटत नव्हते. इराक गुंतून राहावा, एवढेच हवे होते. कुर्दांना हे सांगितले नव्हते, असे अमेरिकन संसदेच्या पाइक समितीनेच नमूद केले. मार्च १९७५ मध्ये शहांनी इराकशी समझोता केला आणि मदत एका रात्रीत थांबली. व्हिएतनामच्या मध्य पठारावरच्या डोंगरी लोकांची हकिगत तर विश्वास बसू नये अशी आहे. अमेरिकनांबरोबर लढलेल्या या लोकांपैकी सुमारे चारशे जण बायकामुलांसह १९९२ मध्ये कंबोडियाच्या जंगलात संयुक्त राष्ट्रांच्या पथकाला भेटले. ते अजून लढत होते. आपल्या नेत्याच्या आदेशाची वाट पाहत होते. त्या नेत्याला कंबोडियातल्या ख्मेर रूज राजवटीने १९७५ मध्येच मारले होते.

२००१ नंतर अमेरिकेने दहशतवादविरोधी कायदे कडक केले. कुठल्याही सरकारविरुद्ध शस्त्र उचललेला माणूस निर्वासित म्हणून अपात्र, अशी त्यांची व्याख्या झाली. त्या जाळ्यात ह्मोंग सापडले. अमेरिकेच्याच सांगण्यावरून उचललेली बंदूक अमेरिकेच्याच दारात आडवी आली. २००७ च्या अखेरीस संसदेने सूट मिळणाऱ्या गटांची यादी केली. त्यात ह्मोंग होते, व्हिएतनामचे ते डोंगरी लोक होते आणि नेपाळमधल्या मुस्तांगहून चीनविरुद्ध लढलेले तिबेटीही होते. एका महासत्तेने कुणाकुणाचे खांदे उसने घेतले, त्याचा इतका अधिकृत दस्तऐवज दुसरा नसेल.

तिबेटींचे नाव निघाले म्हणून आपल्या घरात डोकावतो. १९६२ च्या अखेरीस चक्राता येथे तिबेटी निर्वासितांचे एक गुप्त दल आपण उभारले. ते तयार झाले चीनसाठी. १९७१ मध्ये लढले चितगावच्या डोंगरांत, पाकिस्तानविरुद्ध. त्यांचे ५६ जवान पडले. दलच गुप्त, त्यामुळे उघड सन्मान नाही. तिबेटी म्हणजे आदिवासी टोळी नव्हे हे मान्य, पण परक्या देशाच्या युद्धातला बिनकागदी सैनिक म्हणजे काय, हे दिल्लीलाही ठाऊक आहे. आणि गडचिरोलीला लागून, इंद्रावतीपलीकडे २००५ पासून माओवाद्यांविरुद्ध 'सलवा जुडूम' नावाचे जे अभियान चालले, ते दुसऱ्या देशाचे युद्ध नव्हते; तरीही ५ जुलै २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात, ज्याला लढायचे आहे त्याला बंदूक देण्यात चूक काय, या आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. छत्तीसगड सरकारचे म्हणणे होते की हे आदिवासी तरुण स्वखुशीने विशेष पोलीस अधिकारी झाले. अनेकांच्या घरचे माणूस माओवाद्यांनी मारले होते, त्यांना लढायचे होते. न्यायालयाने हे मान्य केले नाही. पाचवी शिकलेला मुलगा, महिना तीन हजार रुपये मानधन, मनात सूडाची आग; या आगीचा असा वापर करून घेण्याचा अधिकार राज्याला नाही, असा त्या निकालाचा रोख होता. वांग पाओंच्या होकाराबद्दल कुठल्याही अमेरिकन न्यायालयाने असा प्रश्न विचारला नाही.

कुणी म्हणेल, पण झाले ते चांगलेच झाले. आज मिनेसोटात, विस्कॉन्सिनमध्ये ह्मोंग डॉक्टर आहेत, आमदार आहेत. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सचे सर्वोच्च सुवर्ण मिळवणारी सुनीसा ली ही ह्मोंग निर्वासितांच्या घरातली. तिचा अभिमान त्यांना वाटावाच. पण त्याच वेळी लाओसकडे पाहा. आधी तिथल्या राष्ट्रीय सभेच्या अध्यक्ष असलेल्या आणि २०२१ मध्ये देशाच्या उपराष्ट्राध्यक्ष झालेल्या पानी याथोतू याही ह्मोंगच. फायदांगच्या बाजूचे ह्मोंगही परक्यांच्या मदतीनेच लढले. हनोईची फौज काही लाओसची नव्हती, आणि तिनेही ह्मोंगांचे डोंगर स्वतःच्या युद्धासाठीच वापरले. पाथेट लाओच्या राजवटीचे गुण गाण्याचे मला कारण नाही; पराभूत ह्मोंगांचा तिने छळ केला. मात्र फायदांगचे मित्र युद्धानंतर उठून गेले नाहीत. ते शेजारी होते आणि राहिले. त्यांनी जे पेरले त्यातले काही त्यांच्याही अंगणात उगवणार होते. दूरवरच्या मित्रावर असा कुठलाच धाक नसतो.

मग संकटातल्या जमातीला मदतच करू नये का? चर्चेत हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगतो. करावी. पण उघड करावी, स्वतःच्या संसदेला आणि जनतेला सांगून. आपल्याला या युद्धातून काय हवे आहे आणि कुठवर यायची तयारी आहे, हे जमातीला तिच्या भाषेत सांगून. हरलो तर किती माणसांना कुठे आसरा देणार, हे पहिली बंदूक देण्यापूर्वी कागदावर लिहून. आणि आता पुरे असे त्यांनी म्हटले तर तांदूळ चालू ठेवून. या अटी पाळल्या तर असे युद्ध फार महाग पडेल, कुठलेही सरकार ते हाती घेणार नाही, असा आक्षेप येईल. तो अगदी खरा आहे. महाग पडणार म्हणून जे युद्ध झालेच नसते, तेच युद्ध चौदा वर्षे स्वस्तात चालले. फरकाची रक्कम ह्मोंगांनी भरली.